मनाचा डॉक्टर नेमका कोणता?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांतलं एक असं आहे की, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. याची गरज होतीच. मी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, त्यामुळे तेव्हापासून मुख्याध्यापकांचे फोन येतात. “मॅडम, एखादा काउन्सेलर सुचवा.” मी विचारते, “काम काय करायचंय सर?” उत्तर येतं, “तेच, मुलांना समजावून सांगायचं.” एका सरांनी विचारलं, संस्थेतल्याच एका बाईंनी तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलाय, त्या चालतील का?

त्या कशासाठी चालतील आणि त्यांच्या पाठीशी कोण आहे, हे कळल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणू शकत नाही. हा लेख त्या दोन गोष्टींबद्दल आहे. मानसिक आरोग्यात काम करणारी माणसं वेगवेगळी आहेत, प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, कायद्याने दिलेले अधिकार वेगळे, आणि कोण काय करतो हे ठाऊक नसल्यामुळे रुग्णांची वर्षं वाया जातात. आमच्या ओपीडीत मी हे रोज बघते.

लोक येतात तेच मुळी आडवळणाने. आधी फॅमिली डॉक्टर, मग देवऋषी, मग ‘न्यूरो’. मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो असं पाहुण्यांना सांगता येतं, मनाच्या डॉक्टरकडे गेलो असं सांगता येत नाही. न्यूरोलॉजिस्टचं काम मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांचं : फिट, पक्षाघात, कंपवात. दातखिळी बसून बेशुद्ध पडणाऱ्या मुलीची फिट खरी की मनावरच्या ताणातून आलेली, हे ओळखण्यात त्यांची मदत मोलाची असते. पण उदासीनता किंवा संशयाचा आजार हा त्यांचा प्रांत नव्हे. एमआरआय नॉर्मल आला की नातेवाईक म्हणतात, “काही नाहीये, नाटकं करतोय.” आजार असलेल्या माणसावर यासारखा दुसरा अन्याय नाही.

एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय तिशीच्या आसपास, दोन्ही हातांची कातडी सोललेली. त्वचारोगाचे डॉक्टर मलम देत होते आणि मलम लावलं की त्या हात पुन्हा धूत होत्या. दिवसाला अंगाच्या साबणाची एक वडी संपायची. आमच्याकडे आल्यावर त्या प्रथम मानसोपचारतज्ज्ञांना भेटल्या. हे सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा तत्सम पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. त्यांनी सविस्तर विचारलं, थायरॉइड आणि इतर रक्ततपासण्या सांगितल्या. थायरॉइड कमी असलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस मनाने आजारी दिसू शकतो, आणि ते ओळखायला वैद्यकीय शिक्षणच लागतं. मग मंत्रचळेपणाचं, म्हणजे ओसीडीचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हेही डॉक्टरांनीच समजावलं. औषध लिहिणं, ते वाढवणं-कमी करणं, दाखल करून घेणं, गरज पडली तर भूल देऊन शॉक ट्रीटमेंट करणं हा त्यांचा अधिकार आणि त्यांचीच जबाबदारी.

पुढचं काम आमच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने केलं. तिचं एमए मानसशास्त्रात, त्यानंतर रुग्णालयात राहून केलेलं दोन वर्षांचं एमफिल, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. तिने बाईंकडून एक यादी करून घेतली. दाराच्या कडीला हात लावला तर भीती शंभरात तीस. भाजीवाल्याने दिलेले सुट्टे पैसे, पन्नास. संडासाचा नळ, नव्वद. सुरुवात कडीपासून झाली. बाईंनी कडीला हात लावायचा, हात मांडीवर ठेवून बसायचं आणि धुवायचे नाहीत. सायकॉलॉजिस्ट समोर बसून दर पाच मिनिटांनी विचारायची, “आता किती?” पहिल्या दिवशी कागदावर तीसच धरलेली भीती प्रत्यक्षात सत्तरवर गेली. बाई घामाघूम झाल्या, रडल्या, पण उठल्या नाहीत. तासाभरात आकडा खाली आला, न धुता आला, आणि ते त्यांनी स्वतः पाहिलं. महिनोन्महिने हेच पायरी पायरीने चाललं. याला कुणी ‘नुसतं बोलणं’ म्हटलं की मला वाईट वाटतं. हे तंत्र आहे, शिकावं लागतं, चुकीच्या घाईने केलं तर रुग्ण पुन्हा फिरकत नाही. ओसीडीवर ते औषधाइतकंच भरवशाचं आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं दुसरं मोठं काम चाचण्यांचं. मूल अभ्यासात मागे का, त्याचं कारण बुद्ध्यंक आहे, अध्ययन अक्षमता आहे की घरातलं भांडण, हे चाचणी आणि मुलाखत मिळून कळतं. आपल्याकडे या कामाला जुना पाया आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचं भारतीय रूप १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी प्रमाणित केलं. बिने-कामत चाचणी हे नाव आजही आमच्या अहवालांत असतं. आणि त्याच वेळी बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी दुकानं तालुक्यातालुक्यांत निघाली आहेत. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. पालकांनी त्यावर पैसे घालू नयेत.

आता माझ्या कामाबद्दल. ते सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. स्किझोफ्रेनियाचा एक तरुण महिन्याचं इंजेक्शन घ्यायला यायचा, तो यायचा बंद झाला. केसपेपरवर ‘फॉलो-अपला नाही’ एवढीच नोंद होती. मी गावी गेले. आईने मोरीजवळ बसवून चहा दिला आणि हळूहळू सगळं निघालं. इंजेक्शनचा वार आणि आठवडी बाजार एकाच दिवशी, आणि बाजाराच्या दिवशीच तिची भाजीविक्री होणार. मुलाच्या हाताला कंप सुटायचा, हॉटेलात कप धरताना चहा सांडायचा, पोरं हसायची, म्हणून त्यालाच इंजेक्शन नको होतं. बहिणीचं लग्न जमत होतं, पाहुण्यांसमोर दवाखान्याची चिठ्ठी नको होती. तिन्ही कारणं केसपेपरबाहेरची, आणि तिन्हींमुळे औषध बंद. कंपाचं मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदललं. वार बदलून घेतला. मग अपंगत्वाचं प्रमाणपत्र. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार धरलेला आहे, अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक ठरलं तर लाभ मिळतात, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला मी आईबरोबर तहसीलला गेले. हे सगळं उपचारातच मोडतं. मला औषध लिहिता येत नाही, मी ते कधीच करणार नाही. पण लिहिलेलं औषध त्या घरात टिकावं यासाठी काय करावं लागतं, ते मला माहीत आहे. कारण मी त्याचंच शिक्षण घेतलंय. मुंबईत आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढलं, तेव्हापासून हे काम आपल्याकडे आहे.

परिचारिका तर त्याहून दुर्लक्षित. मनोविकार शुश्रूषेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेली सिस्टर वॉर्डात असली की रात्री दोन वाजता खवळलेला रुग्ण बांधून न ठेवता शांत होतो. डॉक्टर दिवसातून दहा मिनिटं बघतात, ती आठ तास बघते. गोळी गिळली की जिभेखाली ठेवली, हे तिलाच कळतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा वेळेवर उठायला, स्वयंपाक करायला, कामावर टिकायला शिकवतात. या शास्त्राची आपल्याकडची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. आमच्या जिल्ह्यात हे पदच नाही.

समुपदेशकांचा प्रश्न नाजूक आहे, कारण ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला आज प्रत्यक्षात कुणालाच अडवलं जात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण हे सांगितलं आहे : सायकियाट्रिस्ट, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर, मानसिक आरोग्य परिचारिका, शिवाय आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सिद्ध यांतले या विषयाचे पदव्युत्तर पदवीधर. समुपदेशक त्या यादीत नाहीत. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांसाठी जागा केली आहे, पण त्या नोंदणीचा उपयोग सामान्य माणसाला रोजच्या व्यवहारात अजून होत नाही.

याचा अर्थ समुपदेशक कमी प्रतीचे, असा मुळीच नाही. परीक्षेची धास्ती, वियोगाचं दुःख, नवरा-बायकोतला अबोला, कोणती शाखा घ्यावी याचा गोंधळ, यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांच्या रांगेत उभं राहायची गरज नसते. नीट शिकलेला समुपदेशक तिथे उत्तम काम करतो. गडबड होते ती आपलं काम कुठे संपतं हे न ओळखल्यामुळे. द्विध्रुवीय आजार असलेला, लिथियमवर स्थिर असलेला कॉलेजातला एक मुलगा होता. लिथियमला ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते, ते अचानक बंद करणं धोक्याचं असतं. एका समुपदेशन केंद्रात त्याला सांगितलं गेलं, “गोळ्यांची सवय लागते, आपण मनाची ताकद वाढवू.” त्याने गोळ्या सोडल्या. दिवाळीत तो रात्र रात्र जागत होता, उधारीवर महागडे मोबाईल घेत होता, प्राध्यापकांच्या अंगावर धावून गेला. बहीण त्याला घेऊन आली. त्याचं एक वर्ष गेलं. ज्याने तो सल्ला दिला, त्याला आजही कुणी काही विचारलेलं नाही.

आता दुसरी बाजू. एक बाई खासगी दवाखान्यातली चिठ्ठी घेऊन आल्या. दीर्घकाळ झोपेची गोळी चालू, मात्रा वाढत गेलेली. नवरा शेजारीच बसलेला, प्रश्न बाईंना विचारला की उत्तर तो देत होता. मी त्याला खिडकीवर केसपेपरचा नंबर लावायला पाठवलं आणि विचारलं, “मावशी, झोप का लागत नाही?” त्या म्हणाल्या, “ते किती वाजता येतील, कसे येतील, सांगता येत नाही.” मग बाहीवरचा पदर सरकवून दंड दाखवला. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, कारण तीन मिनिटांच्या तपासणीत तो बसत नाही. त्यांना गोळीआधी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांची आणि सखी केंद्राची गरज होती. पदवी मोठी असली म्हणून नजर सगळीकडे पोचते, असं नाही.

म्हणून मोठा कोण, लहान कोण ही चर्चा मला निरर्थक वाटते. मी माणूस एकाच गोष्टीवरून जोखते : तो पुढे पाठवतो का? ‘हे माझ्या हातातलं नाही, तुम्ही अमक्यांना भेटा, मी त्यांना फोन करतो’ असं जो म्हणतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवते. मग तो दहावी शिकलेला का असेना.

दहावीचं उगाच म्हटलेलं नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला, तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध आहे. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर गावातल्याच साध्या, मानसशास्त्र न शिकलेल्या समुपदेशकांनी मदत केली. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. रोज थोडं तरी आवडीचं, उपयोगाचं काम करायला लावणं, अडचणींची उकल करायला शिकवणं, एवढाच गाभा. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या पातळीतून बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. हे साधलं कसं? त्या समुपदेशकांना नेमकं प्रशिक्षण होतं, काय करायचं हे लिहून दिलेलं होतं, आणि त्यांच्या भेटींची ध्वनिमुद्रणं एकत्र ऐकून कामाची तपासणी होत होती. सीमा आखलेली होती आणि पाठीशी तज्ज्ञ होते. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर पडलेली माणसं पुढे समुपदेशक झाली. व्यसनी माणूस त्यांच्यापुढे खोटं बोलू शकत नाही, कारण ती सगळी खोटी कारणं त्यांनी स्वतः कधीतरी दिलेली असतात. पण दारू एकाएकी थांबल्यावर येणारा कंप, भ्रम, फिट यांवर डॉक्टरच लागतो. ते केंद्र उभं करणाऱ्या अनिताताई स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या, हे विसरू नये.

तेव्हा माझी शाळांना आणि पालकांना विनंती आहे, प्रमाणपत्राची चौकट बघून थांबू नका. समोरच्या माणसाला विचारा, तुमचं शिक्षण कुठे झालं, कुणाच्या हाताखाली, तपासून घेतलेलं काम तुम्ही किती केलं आहे, अडलं तर तुम्ही कुणाला विचारता, आणि कोणती केस तुम्ही घेत नाही. शेवटच्या प्रश्नाला ‘मी सगळं घेतो’ असं उत्तर आलं तर उठून या. सायकियाट्रिस्ट असतील तर वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा पुनर्वास परिषदेचा असतो. तो विचारण्यात अपमान काही नाही. मूल जिवाचं बरंवाईट करून घेण्याबद्दल बोलत असेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, रात्र रात्र झोपत नसेल आणि तरी थकत नसेल, जेवण सोडून खंगत असेल, तर शाळेच्या समुपदेशकाने त्याच दिवशी पालकांना बोलावून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं. आणि कुणाकडे जायचं तेच कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. तिथे आधी समुपदेशक ऐकून घेतो आणि गरज असेल तर तज्ज्ञाकडे जोडून देतो.

पण पुढे पाठवायचं तर पुढे कुणीतरी बसलेलं हवं. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्याच्या रचनेत एकट्या डॉक्टरची कल्पनाच नाही. सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, परिचारिका असा पूर्ण चमू धरलेला आहे. प्रत्यक्षात भरती करताना डॉक्टरचं पद भरलं की काम झालं असं मानलं जातं. बाकीचे अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, आणि कंत्राट संपल्यावर नव्या आदेशाची वाट बघत.

हात धुणाऱ्या बाईंबरोबर महिनोन्महिने बसलेली आमची सायकॉलॉजिस्ट गेल्या वर्षी गेली. नव्या आदेशाला इतका उशीर झाला की तिने पुण्यात नोकरी धरली, आणि मी तिला दोष देत नाही. तिच्या जागेची जाहिरात निघाली, एवढ्या पगारात इथे यायला कुणी तयार झालं नाही. ओसीडीचे रुग्ण आजही येतात, त्यांना गोळ्या मिळतात, अर्धा उपचार मिळतो. आम्ही त्यांना पुण्याचा पत्ता लिहून देतो, आणि बहुतेकांना जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेली रोजी परवडत नाही. जिल्ह्याच्या आराखड्यात रुग्णालयाच्या इमारतीला आणि यंत्रांना पैसा मिळतो, तसा या दोन-तीन पदांच्या पूर्ण वेतनाला मिळावा आणि ती पदं कायम व्हावीत, अशी माझी पालकमंत्र्यांकडे आणि आरोग्य विभागाकडे मागणी आहे. आमच्या विभागातून असा प्रस्ताव वर गेलेला आहे.